नोव्हेंबरात आइसलँडला जाताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा बेत वाचला. नोव्हेंबरच्या मध्यात सात दिवस, भाड्याची गाडी आणि रिंग रोडने संपूर्ण आइसलँडची प्रदक्षिणा. पहिलं सांगणं हेच की प्रदक्षिणा सोडून दे. रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा, म्हणजे दिवसाला दोनशेसुद्धा नाहीत, असा हिशेब तू मांडला असशील. जुलैत तो जमतो. नोव्हेंबरात हिशेब उजेडाच्या तासांवर करावा लागतो. १५ नोव्हेंबरला रेक्याविकमध्ये सूर्य दहाच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. महिनाअखेरीला दिवस जेमतेम पाच तासांचा उरतो. त्यात अक्युरेरी ते एगिल्सस्टाडिर हा उंच, ओसाड पट्टा बर्फाच्या वादळात बंद होऊ शकतो, आणि तो बंद झाला की परतीचं विमान चुकण्याची पाळी येते.

त्याऐवजी दोन रात्री रेक्याविक, तीन रात्री दक्षिण किनारा आणि शेवटची रात्र पुन्हा रेक्याविक किंवा केप्लाविक विमानतळाजवळ. रेक्याविकहून वीक हे गाव १९० किलोमीटरच्या आत आहे, पण सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही धबधबे उजेडात बघायचे तर पूर्ण दिवस त्यालाच दे. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जाणारी वाट गोठली की बंद करतात. साखळी लावलेली असेल तर ओलांडू नकोस. हिमखंडांचं सरोवर योकुल्सारलोन वीकहून आणखी सुमारे १९० किलोमीटर. तिथे जायचं तर एक मुक्काम त्याच बाजूला कर, अंधारात परत येऊ नकोस.

आता वारा. थंडीची धास्ती तू घेतली आहेस, पण तापमान बहुधा शून्याच्या आसपासच असतं, चार-पाच अंश वर नाहीतर खाली. खरा त्रास वाऱ्याचा. आइसलँडच्या हवामान खात्याचं संकेतस्थळ, वेदुर डॉट आयएस, वेग मीटर प्रति सेकंदात देतं, त्याला ३.६ ने गुणलं की किलोमीटर प्रति तास मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४. तिथून पुढे छोट्या गाडीने लांबचा पल्ला टाळ. २० च्या वर गेला तर मुक्काम हलवूच नकोस, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील. गाडी उभी करताना तिचं तोंड वाऱ्याकडे ठेव. वारा मागून आला तर दार उघडताक्षणी हिसकला जाऊन बिजागऱ्या वाकतात, आणि हे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुतेक वेळा येत नाही. दार दोन्ही हातांनी धरून, एका वेळी एकच उघडायचं.

शून्याच्या आसपासचं तापमान कडाक्याच्या थंडीपेक्षा रस्त्याला वाईट. दिवसा पाऊस पडतो, संध्याकाळी तेच पाणी गोठतं आणि डांबरावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा धरतो. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आणि खिळ्यांच्या टायरची माग. असे टायर १ नोव्हेंबरपासून चालतात. एक मात्र लक्षात ठेव, चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते लवकर, थांबत लवकर नाही. डांबरी रस्त्यावरची ९० ची मर्यादा कोरड्या दिवसासाठी आहे. बऱ्याच कंपन्या छोटी गाडी २० व्या वर्षापासून आणि फोर-व्हील ड्राइव्ह २३ नंतर देतात, तेव्हा आधी विचारून घे. रोज निघण्यापूर्वी उमफेर्डिन डॉट आयएसवर रस्त्यांची स्थिती बघ.

कपड्यांत सुती काहीही अंगालगत नको, जीन्स तर नकोच. भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरी बनियन-पायजमा, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. छत्री घरीच ठेव. बुटांवर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे मात्र जरूर घे, धबधब्यांजवळच्या वाटा तुषारांनी गोठतात.

रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याला पाठ करू नकोस. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट खूप आत येते, आणि तिथे माणसं वाहून गेली आहेत. वाहनतळाजवळचा दिवा लाल असेल तर खाली उतरायचंच नाही.

ध्रुवीय प्रकाशासाठी वेदुरच्या ढगांच्या नकाशात पांढरा भाग शोध. पांढरं म्हणजे मोकळं आकाश, हिरवं म्हणजे ढग. प्रकाश दिसला तरी गाडी रस्त्यातच थांबवू नकोस, वाहनतळ गाठ. आणि त्याच्या भरवशावर सहल आखू नकोस, सगळ्याच रात्री ढगाळ निघू शकतात.

शाकाहारी जेवण गावांबाहेर महाग आणि तुटपुंजं. स्वयंपाकघर असलेली खोली घे, किराणा रेक्याविकमध्येच बोनुस किंवा क्रोनानमधून भर. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, थंड नळाचं पाणी उत्तम असतं. गरम नळाला गंधकाचा वास येतो, तो नैसर्गिक आहे.

आइसलँडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्येच कामाला लाग. आणीबाणीचा क्रमांक ११२, तो फोनमध्ये आणि घरच्यांकडेही लिहून ठेव.

नवा बेत आखलास की पाठव, मुक्कामांची अंतरं एकदा नजरेखालून घालतो.

कळावे.