वाचकांचे प्रश्न : मदतीचे विमान उतरणार कुठे?

प्रश्न : २०१५च्या भूकंपात ब्रिटनची तीन चिनूक हेलिकॉप्टर्स दिल्लीपर्यंत आली आणि नेपाळच्या नकारामुळे तशीच परतली. लोक ढिगाऱ्याखाली असताना एवढा ताठा कशासाठी? (नाशिक)

उत्तर : त्याला नुसता ताठा म्हणणे बरोबर नाही. चिनूक सुमारे दहा टन माल उचलते. तेवढे वजन तोलताना हवेचा जो झोत खाली येतो, त्याने पत्रे उडतात, भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या दगडमातीच्या भिंती ढासळू शकतात. नेपाळने हेच कारण दिले होते. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेतात चारएक टन नेणारे एमआय-१७ हेलिकॉप्टर जास्त सोयीचे, आणि विरळ हवेत तेही कमीच भरावे लागते. तरीही सरसकट नकार आम्हाला चुकीचा वाटतो. मोकळ्या मैदानापर्यंत जड माल चिनूकने आणि तिथून वस्त्यांवर एमआय-१७ने, अशी वाटणी करता आली असती.

मोठी कोंडी झाली ती विमानतळावर. भूकंप २५ एप्रिलला झाला आणि भारतीय वायुदलाचे पहिले विमान त्याच दिवशी काठमांडूला पोहोचले. पण तिथल्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, विमाने उभी करायला जागा मोजकी. माल उतरवायला फोर्कलिफ्ट मिळाली नाही की एकच विमान तासन्‌तास जागा अडवून बसते. मागची घिरट्या घालतात आणि इंधन कमी झाले की माल घेऊन माघारी फिरतात. अवजड विमानांमुळे धावपट्टी खराब झाल्यावर ३ मे रोजी मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली. विमानाच्या एकूण वजनाची मर्यादा होती १९६ टनांची. पूर्ण भरलेले सी-१७ हे अवजड मालवाहू विमान त्यात बसत नाही, त्याहून लहान सी-१३० सहज बसते. तेव्हा तंबू-ब्लँकेटची यादी करण्याआधी धावपट्टी किती वजन पेलते आणि माल उतरवणार कोण, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : परके जवान उतरले की हुकूम कोणाचा? (निवृत्त सुभेदार, सातारा)

उत्तर : तुकडी आपल्याच अधिकाऱ्याच्या हुकमात असते, पण कुठे जायचे आणि काय करायचे हे यजमान देश ठरवतो. नेपाळच्या सैन्याने त्यासाठी बहुराष्ट्रीय लष्करी समन्वय केंद्र चालवले. आपत्तीत परकी लष्करी मदत कशी वापरावी हे सांगणारी, १९९४ची आणि २००७मध्ये सुधारलेली ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत, पण आधार त्यांचाच घेतला जातो : लष्कर हा शेवटचा पर्याय, मदत विनामूल्य, जवान गणवेशात पण सहसा निःशस्त्र. रस्ते, पूल, वाहतूक त्यांनी सांभाळावी. धान्याची पिशवी हातात देण्याचे काम शक्यतो नागरी संस्थांकडे असावे, कारण जिथे आधीच संघर्ष आहे तिथे गणवेशासोबत दिसलेल्या स्वयंसेवकावरही लोक संशय घेतात.

निघण्यापूर्वी काही गोष्टी लेखी हव्यात : गुन्हा घडल्यास खटला कुठे चालेल, औषधांवर सीमाशुल्क लागेल का, डॉक्टरांचे परवाने चालतील का, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी कोणत्या आणि परत कधी जायचे. शेवटचा मुद्दा बहुधा राहून जातो, आणि कुरबुर तिथूनच सुरू होते.

यजमानाची यंत्रणाच कोसळली तर काय होते, हे हैतीत २०१०च्या भूकंपानंतर दिसले. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा विमानतळ अमेरिकी वायुदलाने चालता केला, हे मोठेच काम. पण कोणते विमान आधी उतरेल हेही त्यांच्याच हाती आले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेचे हवा भरून उभारायचे रुग्णालय घेऊन आलेले विमान शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवले गेले. जखमेत जंतुसंसर्ग पसरत असताना असा उशीर हातपाय गमावण्याइतका महाग पडतो.

प्रश्न : सरकार मदत घेतच नसेल, तर ती जबरदस्तीने पोचवू नये का? (सोलापूर)

उत्तर : नर्गिस चक्रीवादळानंतर, मे २००८मध्ये, म्यानमारबाबत हाच वाद झाला. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. लष्करी राजवटीने १० मेचे राज्यघटनेवरील सार्वमत बहुतेक भागांत घेतलेच. अमेरिकेच्या सी-१३० विमानांना १२ मेपासून यांगूनला येऊ दिले, किनाऱ्याबाहेरच्या युद्धनौकांना मात्र नाही. त्या जूनच्या सुरुवातीला परतल्या. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कुश्नेर यांनी संमतीविना मदत पोचवण्याची भाषा केली. हेतू चांगला होता, पण सत्ता उलथवली जाईल ही सेनानींची भीती त्याने वाढली, असे आम्हाला वाटते. भारताच्या आयएनएस राणा आणि आयएनएस कृपाण या नौका आधीच यांगूनला पोहोचल्या होत्या, कारण दिल्लीबद्दल ती भीती नव्हती. पुढे वाट मिळाली ती आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या मध्यस्थीने.

प्रश्न : मग भारत स्वतः मदत का नाकारतो? (लातूर)

उत्तर : तुमच्याकडे १९९३च्या भूकंपात आणि २००१मध्ये भुजला परकी मदत घेतली होती. धोरण बदलले २००४च्या त्सुनामीपासून. आपल्या किनाऱ्यावर बचाव चालू असतानाच नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला गेली, आणि इतर सरकारांची मदत नाकारली गेली. २०१६च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेनुसार भारत मदत मागत नाही, पण आपणहून देऊ केलेली स्वीकारू शकतो. एप्रिल २०२१च्या ऑक्सिजन टंचाईत अमेरिकी वायुदलाची मालवाहू विमाने दिल्लीत उतरली.