काखेतली कक्षा

प्रश्न : डिश बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "नाशिक या उपग्रहाच्या कक्षेत येतं." हे बरोबर आहे का? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : साफ चूक, आणि हल्ली बातम्यांतही रोज कानावर आदळणारी. 'चौकशीच्या कक्षेत' ठीक आहे, तिथे कक्षा म्हणजे मर्यादा. 'मग उपग्रहालाही चालेल' असं सांगणारे भाषातज्ज्ञ मला अजिबात पटत नाहीत. उपग्रहाची कक्षा ही त्याची फिरायची वाट. नाशिक तिच्यात यायचं तर गोदाकाठ आभाळात न्यावा लागेल!

आता खरी गंमत. संस्कृत 'कक्ष' म्हणजे काख; आपली काख तिथूनच आली. 'कक्ष्या' म्हणजे हत्ती-घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा, आपला तंग. अंगाभोवतीचा हा वेढाच ज्योतिषात ग्रहाच्या वर्तुळाला लागला. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात ग्रहांच्या कक्षा 'योजन' या जुन्या अंतरमापात मोजल्या आहेत. कक्षेचा संबंध 'कक्ष' म्हणजे खोलीशी जोडणारे हा तंग विसरतात. 'काखेत कळसा, गावाला वळसा' म्हणा : शब्दाचं मूळ आणि अर्थ एकाच म्हणीत शेजारी बसलेत.

पृथ्वीला हा तंग, म्हणजे उपग्रहाची कक्षा, कसा बांधलाय, त्यावर उपग्रहाखाली कोणती जमीन येणार ते ठरतं. विषुववृत्तावर सरळ, 35,786 किमी उंचीवर बांधला की उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो आणि एका जागी दिसतो. फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिकहून तो थेट आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर. त्या रेषेत झाडाची फांदी आली की सिग्नल गेलाच. अवकाशाचे वेध घेणाऱ्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचा तंग विषुववृत्ताला फक्त 6 अंश तिरका, त्यामुळे 20 अंश अक्षांशावरच्या नाशिकच्या डोक्यावरून तो कधीच जात नाही. जमिनीची चित्रं टिपणाऱ्या रिसोर्ससॅट-2 चा तंग जवळजवळ ध्रुवांवरून, 817 किमीवर. त्याच्या 101 मिनिटांच्या एका फेरीत खालची पृथ्वी विषुववृत्तावर सुमारे 2,800 किमी सरकते. त्याच्यावरचा लिस-3 कॅमेरा टिपतो मात्र 141 किमी रुंदीचा पट्टा. म्हणून निफाडचे द्राक्षमळे पुन्हा त्याच पट्ट्यात यायला 24 दिवस लागतात. नेमके त्या दिवशी ढग आले तर ती खेप फुकट.

हं, डिशवाल्याचं वाक्य. त्याने 'टापूत येतं' म्हणावं. फिरत्या उपग्रहाने टिपलेल्या जमिनीला 'पट्टा' आहेच, आणि तोही तंगाच्याच घरातला.