सिव्हिल इंजिनिअरने बांधकामविषयक वादांच्या वकिलीत यावे का, आणि हे काम प्रत्यक्षात कसे असते?

आपण सहा वर्षे साईटवर काम केले आहे, आता एलएल.बी. करून बांधकामविषयक वादांची वकिली करण्याचा आपला विचार आहे, आणि ‘मला फारसे बोलता येत नाही, मग जमेल का’ अशी शंका आपण विचारली आहे. मी पुण्यात अठरा वर्षे मुख्यतः हेच काम करते. बोलण्याची चिंता आपण बाजूला ठेवावी, कारण या शाखेत वक्तृत्वापेक्षा वाचनाची गरज कितीतरी अधिक असते.

माझ्या कामाचा मोठा भाग कागद लावण्यात जातो. काम अठरा महिन्यांत संपायचे होते आणि छत्तीस महिने लागले, एवढे दोन्ही पक्षांना मान्य असते. वाद असतो तो उशीर कोणामुळे झाला याचा. जागा उशिरा ताब्यात मिळाली, नकाशे वेळेवर आले नाहीत, आर.ए. बिले (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याने निघणारी देयके) थकली, की ठेकेदाराने माणसेच कमी लावली, याचे उत्तर पत्रव्यवहार, साईट डायरी, अडथळ्यांची नोंदवही, बार चार्ट आणि मोजमाप पुस्तक (एम.बी.) यांतून तारीखवार काढावे लागते. मला एम.बी. वाचायला एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी शिकवले. विधी महाविद्यालयात हे कोणी शिकवत नाही, आणि आपल्याला ते आधीच येते. पुढे नुकसानभरपाईचा आकडा मांडताना हडसन, एमडेन, आयक्ले यांसारखी, काम लांबल्याने वाढलेला कार्यालयीन खर्च व बुडालेला नफा मोजणारी सूत्रे येतात, ज्यांचा वापर सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मॅकडरमॉट निकालात मान्य केला आहे. वर्षभर रिकाम्या उभ्या असलेल्या यंत्रसामग्रीचा हिशेब ज्याने साईटवर पाहिला आहे, त्याला ती सूत्रे कठीण जात नाहीत.

खटल्याचा निकाल बहुतेक वेळा वकिलाकडे येण्याआधीच अर्धा ठरलेला असतो, हे मला एका प्रकरणात कळले. रस्त्याचे काम करणारे एक ठेकेदार माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा दावा गुणवत्तेवर भक्कम होता, परंतु अंतिम देयक घेताना त्यांनी ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशा छापील मजकुराखाली सही केलेली होती. अशी सही आर्थिक दडपणाखाली घेतली गेली असेल तर दावा आपोआप संपत नाही, असे २००८ च्या बोघारा पॉलिफॅब निकालात म्हटले आहे. पण दडपण सिद्ध करायलाही त्याच सुमारास लिहिलेले एखादे पत्र लागते, आणि यांनी सगळे काही फोनवर सांगितलेले होते. करार कायद्याच्या कलम ५५ चा रोखही असाच आहे : उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नसेल, तर नंतर ती मागता येत नाही. एका ओळीच्या पत्रावर कोटींचे दावे टिकतात किंवा पडतात.

कामाचे ढोबळ दोन प्रवाह आहेत. एक घरखरेदीदारांचा : ताबा लांबणे, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसताना जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेणे), गळती आणि तडे. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाने (बिल्डरने) तीस दिवसांत विनाशुल्क दूर करणे बंधनकारक आहे. नव्या वकिलाला महारेरातील (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणातील) प्रकरणे तुलनेने लवकर मिळतात. दुसरा प्रवाह ठेकेदार आणि काम देणारा यांच्यातील वादांचा, जो बराचसा लवादापुढे, म्हणजे करारानुसार नेमलेल्या खासगी निवाडाकारापुढे, चालतो. आपला अनुभव तिथे अधिक उपयोगी पडेल. मात्र करारात लवादाचे कलम आहे असे गृहीत धरू नये. आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठेकेदारांशी होणाऱ्या ‘बी-१’ नमुन्याच्या करारातील तिसावे कलम लवादाचे नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जून २०२४ मध्ये सरकारी खरेदी करारांतील लवाद सामान्यतः दहा कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरता ठेवण्याची सूचना केली आहे. त्यामुळे दिवाणी व वाणिज्यिक न्यायालयांतील कामाची तयारी ठेवावीच लागेल. मुदतींची धास्तीही अंगवळणी पडते : लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्यास तीन महिने मिळतात, सबळ कारण असल्यास आणखी तीस दिवस, आणि त्यानंतर एकही दिवस नाही.

प्रवेशाचा मार्ग सरळ आहे : सीईटी, तीन वर्षांची एलएल.बी., सनद, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. अडचण पैशांची आहे. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि ज्येष्ठांच्या कार्यालयात पहिली तीन-चार वर्षे जे मिळते ते आपल्या सध्याच्या पगारापेक्षा बहुधा कमीच असेल. घराचा हप्ता चालू असेल तर हा हिशेब आधी घरात बसून करावा.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्यासारखे बरेच जण जुन्या कंपनीकडूनच पहिली कामे मिळतील असे धरून चालतात. पण ज्या प्रकल्पावर आपण स्वतः मोजमापे घेतली, पत्रांवर सह्या केल्या, त्याच्या वादात आपण साक्षीदार ठरण्याचा संभव असतो, आणि ज्या प्रकरणात स्वतः साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्याचे वकीलपत्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार घेता येत नाही. ती कामे आपल्या हिशेबात धरू नयेत.