सुराच्या आधी ‘टक’ का वाजतं?

प्रश्न : सर, तीन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. डिस्टॉर्शनवर (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजात) सगळं छान वाटतं, पण क्लीनवर (साध्या, स्वच्छ आवाजात) आलो की सूर पातळ येतात आणि प्रत्येक सुराआधी पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, ‘टक’ ऐकू येतो. पिक ०.६० मिमीचं आहे. जाड पिक घेऊ की नवं पेडल (आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र)?

उत्तर : पेडल नकोच. पिक बदला, पण ते नंतर. आधी गिटारची केबल काढा, मोबाइल तारांपासून वीतभर लांब ठेवा आणि तिसरी तार मिनिटभर वाजवून रेकॉर्ड करा, म्हणजे नुसता हाताचा आवाज ऐकता येईल. डिस्टॉर्शनमध्ये गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढवला की हळू आणि जोरात वाजवलेले सूर जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळे हाताचे दोष झाकले जातात. क्लीनवर ते उघडे पडतात. तुमच्या कानांना ते जाणवतायत, ही फार चांगली गोष्ट आहे.

आता हा ‘टक’. पिक तारेला ढकलतं तेव्हा सूर निघत नाही, ते तारेला सोडतं तेव्हा निघतो. आधीचा सूर घुमत असताना पिक टेकलं की थरथरणारी तार त्यावर आपटते आणि गप्प होते. टेकण्यापासून सुटण्यापर्यंतचा वेळ जितका जास्त, तितका ‘टक’ ठळक आणि सूर तोकडा. हा वेळ बहुतेकदा एकाच कारणाने वाढतो : पिक तारांमध्ये फार खोल जातं. म्हणून टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच ठेवा आणि त्यातलंही तारेपलीकडे जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाऊ द्या.

पकडीचंही बघा. मी स्वतः कित्येक वर्षं पिक इतकं आवळून धरायचो की अंगठ्याचं पेर पांढरं पडायचं. सूर कडक यायचा आणि तासाभरात मनगट भरून यायचं. पिक हातातून निसटणार नाही इतपतच धरा, ताकद मनगटाच्या हलण्यातून येऊ द्या.

पिक तारेला अगदी समांतर धरलं तर ते अडतं. अंगठ्याकडून किंचित तिरपं केलं, साधारण वीस-तीस अंश, की कडेवरून घसरत जातं आणि सूर गोल येतो. त्याहून जास्त तिरपं केलं तर वरच्या तीन जाड, गुंडाळलेल्या तारांवर खरखर सुरू होते. रोज दहा मिनिटं, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून, एकाच तारेवर डाउन-अप वाजवा आणि दर चार ठोक्यांनी कोन थोडा बदला. कुठला कोन आपला, ते कानच सांगतो.

जोर मात्र आवरा. फार जोरात ओढलेली तार ताणली जाते आणि सूर सुरुवातीला चढा लागतो. मोठा आवाज अ‍ॅम्पकडून घ्या. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, वाजवलं तर धारदार, नेककडे, म्हणजे दांडीकडे, सरकलं तर भरीव. हात चार बोटं सरकवला तरी टोन पार बदलतो, आणि हे आपण फार कमी वापरतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पिक. ०.६० मिमीचं पिक वाकून परत सपकन येतं, त्याचाही आवाज तुमच्या ‘टक’मध्ये मिसळतोय. एक ते दीड मिमीचं घ्या. ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतात. न वाकणाऱ्या पिकनेही किती बोलका सूर निघतो, ते त्यांच्याकडे ऐका. पिकची कड झिजून खरबरीत झाली की मात्र ते बदला.

एवढं करूनही सूर लवकर मरत असेल, तर पिकअप (तारांखालचे, त्यांची थरथर पकडणारे चुंबकाचे भाग) तारांच्या फार जवळ आहेत का पाहा. चुंबक तारेला ओढून धरतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत पिकअप खाली घ्या आणि दर वेळी तोच सूर पुन्हा वाजवून ऐका.