वाहनाचे काळे प्लास्टिक राखाडी पडल्यावर

प्रश्न : माझी मोटार गेली काही वर्षे उघड्यावरच उभी असते. रंग अजून चांगला आहे, पण बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी आणि वायपरखालची जाळी हे काळे प्लास्टिक राखाडी, तर कुठे कुठे पांढरट दिसू लागले आहे. डॅशबोर्डचे पॉलिश लावले की ते काळेभोर होते आणि पाऊस पडला की पुन्हा जैसे थे. हीट गनने शेकल्यास मूळ रंग परत येतो, असेही ऐकले आहे. कायमचा उपाय कोणता?

उत्तर : आधी पांढरटपणा कशामुळे आला आहे, ते पाहावे. रंगाच्या पत्र्याला लागून, प्लास्टिकच्या खरखरीत दाण्यांमध्ये पांढऱ्या रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर तो बहुधा गाडीला लावलेल्या मेणाचा किंवा रबिंग पॉलिशचा वाळलेला अंश असतो. उन्हाने आलेला राखाडीपणा सरसकट पसरतो. आकाशाकडे तोंड असलेल्या भागावर तो जास्त असतो आणि आतल्या घडीत किंवा नंबर प्लेटमागे मूळ काळा रंग तसाच राहिलेला दिसतो. आपल्या वर्णनावरून गाडीवर दोन्ही प्रकार असावेत.

हे भाग बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन या जातीच्या प्लास्टिकचे असतात. धक्का सोसता यावा म्हणून त्यात रबराच्या जातीचे द्रव्य मिसळतात, आणि काळा रंग कार्बनच्या बारीक भुकटीमुळे पूर्ण जाडीभर असतो. पत्र्यावर असतो तसा पारदर्शक लॅकरचा थर यावर नसल्यामुळे उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून वरच्या थरातील रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात, तो थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या भेगांवरून प्रकाश विखुरल्यामुळे काळे प्लास्टिक राखाडी भासते. म्हणजेच खालचा काळा रंग शाबूत असतो. याची खात्री पाण्याने करता येते : ओला हात फिरवताच तो भाग काळा होतो, कारण पाणी भेगा भरून काढते, आणि वाळला की पुन्हा फिका पडतो. डॅशबोर्डचे पॉलिशही हेच करते. ते प्लास्टिकला धरून राहत नाही, म्हणून पावसाने धुऊन जाते. स्वयंपाकाच्या तेलाने तर वर धूळही चिकटते.

खरे काम सफाईचे आहे, आणि इथे घाई करणाऱ्यांचे पुढचे सगळे श्रम वाया जातात. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागेल इतकी थंड असावी. शॅम्पूने धुतल्यावर सर्व कामांसाठी वापरला जाणारा क्लीनर बाटलीवरील सूचनेप्रमाणे पातळ करून (साधारणपणे एकास दहा भाग पाणी) फवारावा आणि मऊ केसांच्या ब्रशने गोलाकार घासावे. पहिल्या खेपेला फेस मातकट, करडा येतो. तो वाळू न देता धुऊन टाकावा आणि फेस पांढरा राहीपर्यंत पुन्हा घासावे. दाण्यांत अडकलेले मेण कोमट पाण्याने सैल होते, आणि उरलेल्या रेघांवर पेन्सिलचा साधा खोडरबर चांगला चालतो. कोरडे झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मायक्रोफायबर कापड फिरवावे. हे टाळू नये, कारण आधीच्या पॉलिशमधील सिलिकॉन मागे राहिले तर पुढचा कोणताही लेप धरत नाही. पाणी शिंपडल्यावर मण्यांसारखे टपोरे थेंब उभे राहिले, तर ते अजून शिल्लक आहे असे समजून सफाई पुन्हा करावी.

त्यानंतर नुसते तेलकट पॉलिश न घेता, वाळून घट्ट होणारा ट्रिम रिस्टोरर (ट्रिम म्हणजे गाडीबाहेरचे हे काळे प्लास्टिक; त्याचा काळेपणा परत आणणारा द्रव) किंवा सिरॅमिक जातीचा लेप घ्यावा, असे मी सुचवीन. तो काही महिने, क्वचित त्याहून अधिक टिकतो. लगतच्या रंगावर मास्किंग टेप लावावी, प्रथम नजरेआडच्या कोपऱ्यात करून पाहावे, मग स्पंजने एका वेळी वीतभर भागावर अगदी पातळ थर द्यावा आणि जास्तीचा द्रव लगेच पुसून घ्यावा, नाहीतर पट्टे उमटतात. सूचनेत सांगितलेला वेळ, बहुधा एक दिवस, गाडी भिजू देऊ नये.

हीट गनचा परिणाम खरा आहे, तरीही मी ती सुचवणार नाही. वरचा थर वितळून सपाट होतो, म्हणून काळेपणा येतो. पण प्लास्टिकमध्ये मुळात मिसळलेली, उन्हापासून राखणारी द्रव्ये एकदा संपली की उष्णतेने परत येत नाहीत आणि राखाडीपणा पुन्हा उतरतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर गनची हवा त्याहून कितीतरी गरम असते. हात जरा थांबला की दाणे गुळगुळीत होतात, पट्टी वाकते, शेजारचा रंग आणि रबर करपते.

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला कायमचा उपाय नाही. त्यातल्या त्यात टिकाऊ मार्ग म्हणजे प्लास्टिकला रंग धरावा यासाठीचा खास प्रायमर मारून वर ट्रिमचा रंग देणे. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग चिकटत नाही, त्यामुळे प्रायमर वगळल्यास पापुद्रे निघतात. खोल ओरखडे असलेला किंवा तडकलेला भाग मात्र बदललेलाच बरा.

प्रश्न : हट्टी डागांसाठी थिनर किंवा पेट्रोल चालेल का? आणि उरलेला लेप दुचाकीच्या हँडलवर व पायदानावर लावता येईल का?

उत्तर : दोन्ही नको. आरशांची कवचे व काही जाळ्या एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि थिनरने त्यांचा पृष्ठभाग विरघळून चिकट, डागाळलेला होतो. पेट्रोलने पॉलिप्रॉपिलीन फुगते, शिवाय आगीचा धोका असतो. चमक आणणारे लेप निसरडे असल्यामुळे हँडल, पायदान, पेडल, सीट, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणि ब्रेकची डिस्क यांना त्यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. ब्रेकजवळच्या भागावर काम करताना द्रव फवारू नये, कापडावर घेऊन लावावा.