भट्टीत भाजलेला तांबडा अकीक नकली असतो का?

तुम्ही विचारलंय की अंगठीतला तांबडा अकीक भट्टीतला आहे असं दुकानदार म्हणाला, तर फसलात का. नाही. उलट माणूस सरळ निघाला.

आमचे साडू मात्र ऐकत नाहीत. आग लागली की खडा नकली, विषय संपला! गुजरातेत खंबायतला कामानिमित्त जाणं झालं तेव्हा त्यांना मुद्दाम एका कारागिराकडे नेलं. अंगणात उन्हाला पसरलेले खडे मळकट, पिवळसर. वाटेत पडले तर कुणी उचलणार नाही. शेजारच्या पाटीत तेच खडे, मडक्यात भरून शेणाच्या आगीत भाजलेले. कारागिराने जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर एक टेकवला, शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकला आणि उडालेली कपची आमच्या हातात दिली. उजेडात धरली तर पातळ कडेला नारिंगी, जाड भागात लालभडक. साडू काय म्हणाले? "म्हणजे भाजतातच ना!"

अहो, रंग बाहेरून घातलेला नाही. लोह खड्यात आधीच असतं. उष्णतेने त्यातलं पाणी जातं आणि पिवळट गोएथाइटचं तांबडं हेमेटाइट होतं, दोन्ही लोहाचीच खनिजं. हडप्पावालेही अकीक भाजायचे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, उर शहरी राजघराण्याच्या थडग्यांत त्यांच्याकडचे लांब मणी निघाले, सुमारे 4,500 वर्षांपूर्वीचे. तेही नकली का?

बाकी, दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सिलिका, म्हणजे वाळूतलं मूळ द्रव्य, विरघळलेलं पाणी झिरपून असे खडे बनतात. काठिण्य मोह्जच्या 1 ते 10 मापावर 6.5 ते 7, रोज घाला. रोमन लोक मुद्रेच्या अंगठीला हाच वापरत, कारण मेण चिकटत नाही. ग्रहांचं मला विचारू नका.

हां, स्वस्त माळांत करडा अकीक लोहाच्या क्षारात बुडवून तांबडा केलेला असतो, ती गोष्ट वेगळी. पट्टे फार ठळक किंवा भेगांत रंग साचलेला दिसला तर संशय घ्या. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. आणि नाकं मुरडायचीच तर खंबायतच्या घासकामातल्या धुळीवर मुरडा, तिने कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो.

'रंगवलेला नाही' एवढं बिलावर लिहून घ्या. साडूंसारखा 'न भाजलेलाच हवा' असा हट्ट धरलात, तर भाजलेलाच खडा तुम्हाला दुप्पट भावाने मिळेल.