वाचकांचे प्रश्न : धंदा आपल्याला मानवेल का?

प्रश्न : पदवीचं शेवटचं वर्ष आहे. जुन्या सायकली दुरुस्त करून विकायची कल्पना मित्रांना फार आवडली. ऑनलाइन कल चाचणीतही 'उद्योजक' असंच आलं. नोकरी न शोधता यातच उतरावं का?

उत्तर : कल चाचणी बाजूला ठेवा. ती तुमचं स्वतःबद्दलचं मत तुम्हालाच परत वाचून दाखवते. मित्रांचं कौतुकही धरू नका. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

कॉलेज चालू असतानाच आठ आठवडे काढा. आधी सायकल वापरणाऱ्या वीस अनोळखी माणसांशी बोला. "घ्याल का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. मागची सायकल कधी, कुठून, कितीला घेतली आणि नंतर काय बिघडलं, ते विचारा. मग पाच सायकली विका, त्याही आगाऊ रक्कम घेऊन. "नंतर बघू" म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे.

आता हिशेब. सोयीसाठी एका सायकलची विक्री १०० धरा. जुनी सायकल, चेन, टायर-ट्यूब, ब्रेक रबर, पोहोचवणं मिळून ७० गेले तर हाती ३० उरतात. जागा, अवजारं, फोन यांचा महिन्याचा खर्च ३०० असेल, तर दहा सायकलींत तो निघतो. छान वाटतं ना? पण यात तुमचा पगार नाही. तो ६०० धरला की तीस सायकली विकाव्या लागतात. एकीला सहा तास लागत असतील तर १८० तास नुसत्या पान्यावर; खरेदी-विक्रीला वेळच नाही. त्यात गिऱ्हाइकाने दहा टक्के सूट मागितली की हाती २० उरतात आणि आकडा पंचेचाळीसवर जातो. नवशिके बहुधा इथेच फसतात: सूट विक्रीवर दहा टक्के दिसते, पण नफ्यातून तिसरा हिस्सा नेते.

या आठवड्यांत रोज एकच गोष्ट वहीत लिहा: कोणतं काम टाळलं. दुरुस्तीत रमलात आणि फोन करणं, भाव ठरवणं, थकलेली रक्कम मागणं पुढे ढकलत राहिलात, तर तुम्हाला सायकली आवडतात, धंदा नव्हे. अशा माणसाने विक्री सांभाळणारा भागीदार शोधावा किंवा चांगली नोकरी धरावी. त्यात कमीपणा नाही.

उशीर होईल ही भीतीही नको. अमेरिकेतल्या संस्थापकांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय ४५ निघालं आणि त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव उपयोगी ठरला. दोन-तीन वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी केलीत, तर पुरवठादार, उधारीच्या मुदती आणि भाव दुसऱ्याच्या पैशावर कळतात.

प्रश्न : मित्र निम्मी भागीदारी मागतो. द्यावी का?

उत्तर : द्या, पण एका दिवसात नको. हिस्सा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळेल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेल्यास काहीच मिळणार नाही, असं लिहून घ्या. नाहीतर सहा महिन्यांत नोकरीला गेलेला मित्र निम्म्याचा मालक राहतो आणि राबता तुम्ही. मतभेद झाल्यास खरेदीत शेवटचा शब्द कुणाचा, विक्रीत कुणाचा, हेही त्याच कागदावर हवं.